जिन्यावरची माणसं

दादा,

तू गेल्यापासून सगळे तुला रडताना बघताहेत.

रजा संपवून शाळेत हजर झाले त्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या गुरुजींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "मॅडम, सरांचा हा सीन आमच्या गावच्या ग्रुपवर आलाय बघा. काय काम केलं होतं हो त्यांनी!" त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मला बरं वाटावं म्हणूनच दाखवत होते. मी बघितलं. दवाखान्याचा व्हरांडा, तुझ्या हातात लहान लेकराची चप्पल, आणि रुमाल दातांत धरून तू रडतोस. आवाज नाही, नुसते खांदे हलतात. कोणीतरी कोपऱ्यात पेटती मेणबत्ती चिकटवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'गुणी कलावंत हरपला'.

पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशीही तेच. भंतेजी यायचे होते, मंडपात पाहुणे बसले होते, तुझा फोटो टेबलावर होता आणि मागच्या रांगेत कोणाच्या तरी फोनमधून त्याच दृश्याचं संगीत येत होतं. कोणी दटावलं तेव्हा बंद झालं. मला वाटलं, उठावं आणि सांगावं, अहो, ते रडणं त्याचं नाही. ते आमच्या बाबांचं आहे.

हे आता फक्त मला ठाऊक आहे. आई गेली तेव्हा बाबा घराच्या मागच्या भिंतीला टेकून बसले होते. आपल्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी रुमाल दातांत धरला होता. आपण दोघं दाराच्या फटीतून बघत होतो. तू माझा हात इतका आवळला होतास की बोटं दुखली. पंचायत समितीतला साधा लिपिक माणूस, कधी मोठ्यानं बोललेला आठवत नाही. त्यांचं ते रडणं तू कितीतरी वर्षं जपून ठेवलंस, आणि मुंबईत एवढी वर्षं पोलीस शिपाई, ड्रायव्हर, पाटलाचा गडी आणि दारुडा करून झाल्यावर तुला पहिल्यांदा बापाचं काम मिळालं, तेव्हा तू ते बाहेर काढलंस.

परभणीच्या टॉकीजमध्ये आपण बाबांना घेऊन गेलो होतो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिकिटं फाडणाऱ्यानं तुला ओळखलं आणि बाबांना हात जोडले, तेव्हा त्यांची मान जरा ताठ झाली. मग ते दृश्य आलं. बाबा उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं लघवीला गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून आपण बाहेर आलो, तर ते पायऱ्यांवर उभे.

"बाबा, आवडलं न्हाई का?" तू विचारलंस.

त्यांनी तुझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या रिक्षांकडे बघत म्हणाले, "माझं रडणं इकलंस व्हय रे?"

एवढंच. त्यावर रागावले नाहीत, अबोला धरला नाही. घरी येऊन जेवले. पण तू त्या पायऱ्यांवरून कधी उतरलाच नाहीस. बाबांशी बोलायचं, समजावून सांगायचं, माफी मागायची, असं तू मला फोनवर किती वेळा म्हणालास. "पुढच्या खेपेला बोलतो, कुंदा." पुढच्या खेपेला तू यायचास, दोघं समोरासमोर बसून पेपर वाचायचात, आणि तू परत जायचास. मग बाबाच गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत तू रडला नाहीस. लोक म्हणाले, पिक्चरमध्ये एवढा रडतो आणि सख्ख्या बापाला डोळ्यातून टिपूस नाही. तू ऐकलंस. मीही ऐकलं. तुझ्याकडे रडायची दुसरी तऱ्हाच उरली नव्हती, हे त्यांना कोण सांगणार?

देवगाव फाट्यावरची ती दुपार तू पुढे तुझं काम बघायला येणाऱ्या मुलांनासुद्धा सांगितली नाहीस. पुण्याहून एकदा मुलं आली होती, "सर, तुम्ही सिनेमा सोडून समुपदेशनात कसे आलात?" म्हणून विचारत होती, तर तू "कंटाळा आला" म्हणून हसलास. मी आत चहा करत होते. मला तुझा राग आला होता. आता मीच सांगते.

बाबांच्या मागे मी एकटीच वालूरच्या घरात राहत होते. तू मुंबईच्या गाडीनं येणार होतास आणि मी फाट्यावर तुला घ्यायला आले होते. वालूरची जीप भरेपर्यंत आपण हॉटेलात चहा घेत बसलो. एक माणूस टेबलाजवळ येऊन उभा राहिला. डोक्याला गमछा, मळकी पँट, चाळिशीचा असेल.

"तुमीच ना ते? पिक्चरमदी लेकरू गेल्यालं?"

तू हसलास. शर्ट नीट केलास. फोटो मागेल असं तुला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं. तो तुझ्या शेजारी बाकावर टेकला.

"माझं बी गेलं," तो म्हणाला. "हिरीत पडलं. घरात त्याचं कुणी नाव काढीत न्हाई. बायकू समोर आली की मी बाहीर निघतो. तिला वाटतंय मला काईच वाटत न्हाई."

मग तो बोलतच राहिला. ते लेकरू बोबडं कसं बोलायचं, बैलाला काय हाक मारायचं, त्या दिवशी आपण बाजाराला कशाला गेलो. त्याच्यापुढे ठेवलेल्या चहावर साय धरली. एक जीप भरून गेली, दुसरीही गेली. तू त्याचा हात धरला होतास, त्यानंच आधी तुझा धरला होता. शेवटी त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं आणि उठला. "बरं वाटलं," म्हणाला. "दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. तुमाला ठाऊक हाय म्हणून बोललो."

तिसऱ्या जीपमध्ये आपल्याला जागा मिळाली. वालूरला उतरल्यावर, पिशवी हातात घेऊन रस्त्यातच उभा राहिलास.

"कुंदा, मला काहीच ठाऊक नव्हतं गं. मी त्या माणसाला फसवलं."

"त्याला बरं वाटलं ना पण?" मी म्हणाले.

"त्याचाच तर तरास हाय."

तुझी शहरी बोली सुटून तू आपल्या बोलीत आलास की मला कळायचं, हे आतून आलंय.

त्यानंतर तू कामं सोडत गेलास. चाळिशी उलटलेला नट मानसशास्त्राच्या एम. ए.च्या वर्गात पोरांच्या शेजारी बसायला लागला. त्यानंतर पुण्यात मानसोपचार करणाऱ्या एका बाईंच्या हाताखाली इतकी वर्षं शिकलास. लोकांनी काय काय म्हणून घेतलं! काम मिळेना झालं असेल, दारू लागली असेल, बाईची भानगड असेल. मलाही पटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. नाव झालं असताना परत परभणीला येऊन, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन तू काय करणार होतास? 'समुपदेशन व मानसोपचार' अशी पाटी लावलीस, तर पहिले कितीतरी दिवस वर येणारा प्रत्येक माणूस तुझ्यासोबत फोटो काढायला आलेला असायचा.

मला वाटलं तू वैतागशील. पण तू प्रत्येकाला आत बसवायचास, फोटो काढू द्यायचास. आणि मग काय व्हायचं, फोटो काढून झाल्यावरही काही माणसं उठायचीच नाहीत. मोबाईल खिशात घालायची आणि तशीच बसून राहायची. तू दार लोटून घ्यायचास. 'वेड्याच्या डॉक्टरकडं चाललो' असं कोणी घरी सांगू शकत नव्हतं, पण 'पिक्चरवाल्याला बघायला चाललो' असं सांगता येत होतं. "त्या एका पिक्चरचा एवढा तरी उपयोग झाला," असं तू म्हणायचास. बाबांच्या रडण्याचा, असं तुला म्हणायचं असायचं. तू म्हणाला नाहीस, मी विचारलं नाही.

माझी बदली जिंतूर रोडवरच्या शाळेत झाली आणि मी तुझ्या घरीच राहायला आले. तू लग्न केलं नव्हतंस, माझं टिकलं नव्हतं. सासरहून कायमची परत आले होते तेव्हाची गोष्ट तुला आठवायची का? तू शूटिंग अर्धवट टाकून आला होतास. मला वाटलं आता समजावशील, परत जा म्हणशील, निदान काय झालं ते तरी विचारशील. तू काहीच विचारलं नाहीस. सकाळी उठवलंस, कोणाची तरी स्कूटी मागून आणली होतीस, आणि गावाबाहेरच्या मैदानात मला चालवायला शिकवलीस. मी पडले, गुडघा फुटला, आणि तू पोट धरून हसलास. मीही हसले. किती महिन्यांनी हसले होते. तू कोणत्याही पुस्तकात वाचायच्या आधीची गोष्ट ही. दादा, त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपल्याकडे भावाचे आभार मानत नाहीत. पण आज मानते. त्या स्कूटीवरून मी शाळेत गेले, बाजारात गेले, त्या स्कूटीवरून मी जगले.

शाळा सुटल्यावर मी तुझ्या बाहेरच्या खोलीत बसायची. दार उघडायचं, पाणी द्यायचं आणि काही विचारायचं नाही. चेहरे सगळे ओळखीचे, नाव एकाचंही माहीत नाही. तू पहिल्याच दिवशी बजावलं होतंस, "या जिन्यावर भेटलेलं माणूस बाहेर दिसलं तर आपण आधी ओळख द्यायची न्हाई. त्यानं दिली तर द्यायची." मी ते पाळलं. एकदा भाजीबाजारात दर आठवड्याला येणारी एक बाई सासूसोबत समोर आली. आमच्या पायरीवर बसून पदर तोंडात कोंबून रडायची ती. तिनं माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं, आणि मीही वांगी निवडत राहिले. पुढे गेल्यावर तिनं मागं वळून फक्त एकदा पापणी मिटली. घरी येऊन मी तुला सांगायला गेले, तर तू हात वर केलास. "मला नको सांगू. ते तिचं हाय."

आपलं भांडण यावरूनच होतं. खोलीत तू काय ऐकत होतास ते कधी सांगितलं नाहीस, ते योग्यच होतं. पण ते ऐकून तुझं काय होत होतं, तेही सांगायचा नाहीस. जेवताना घास हातात धरून बसायचास. मी म्हणायची, "दादा, तू अजून नटच आहेस. त्या खोलीत जाताना तुझा चेहरा बदलतो."

"उलटं हाय. तिथं मी चेहरा काढून ठेवतो."

"मग घरी येताना कोणता घालून येतोस?"

यावर तू हसायचास आणि ताट घेऊन मोरीकडे जायचास. हे भांडण कितीदा झालं, आणि दर वेळी ते मोरीपाशी संपलं. तू उत्तर द्यायला हवं होतंस. चुकीचं दिलं असतंस तरी चाललं असतं. मी भांडले असते, तू भांडला असतास, निदान तुझा आवाज तरी चढला असता.

पुण्याच्या बाई होत्या तोपर्यंत शनिवारी तू त्यांना फोन लावायचास. दार बंद करून तासभर बोलायचास आणि मोकळा होऊन बाहेर यायचास, मला म्हणायचास, "चल, आज भजी कर." ऐकणाऱ्यालाही ऐकणारं कोणी लागतं, हे मला त्या शनिवारांवरून कळलं. गेल्या वर्षी बाई वारल्या. त्यानंतरही तू शनिवारी दार बंद करून बसायचास. आतून काही आवाज यायचा नाही.

आणि मग ती मुलगी. तिचं नाव मी इथंही लिहिणार नाही. तिच्या वेणीला कायम निळी रिबीन असायची आणि जिना चढताना ती कठड्याला हात लावत यायची. सुरुवातीला तिची आई तिला धरून आणायची, नंतर नंतर ती एकटी यायला लागली. पाणी दिलं की "थँक्यू ताई" म्हणायची. एकदा तिनं मला तिच्या कॉलेजातली एक गंमत सांगितली आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो की तू आतून डोकावलास. तुझ्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं ते मी कोणत्याही पिक्चरमध्ये पाहिलं नाही.

पेपरात आलं तेव्हा आपण नाश्ता करत होतो. छोटी बातमी होती, आतल्या पानावर. गावाचं नाव, तिचं नाव, आणि तिनं जीव दिला एवढंच. तू वाचलंस आणि ताटली हलकेच पुढे सरकवलीस. मी पेपर ओढून घेतला, वाचला. मला नाव माहीत नव्हतं, पण शेजारी फोटो होता.

"दादा, ही तर आपल्याकडं…"

"कुंदा, नको."

तू तिच्या मातीला जाऊ शकला नाहीस. कोण म्हणून जाणार होतास? गावात कोणाला ठाऊक नव्हतं ती तुझ्याकडे येत होती. तिच्या आईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी परभणीला क्लासला जाते. त्या दिवशीही तू खोली उघडलीस. वेळ दिलेले सगळे आले, तू सगळ्यांना भेटलास. संध्याकाळी मी वर आले, तर तू तिच्या खुर्चीसमोर बसला होतास. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू तो काढला नाहीस, पण वर बघितलंही नाहीस. मी तशीच उभी राहिले. खालच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन चालू होतं. मला वाटलं आता बोलशील, आता बोलशील. मग तू उठलास आणि खिडक्या लावायला लागलास.

मी सांगितलं, पुण्याला दुसरं कोणी असेल, त्यांच्याशी बोल. बोलतो म्हणालास. महिनाभर खोली बंद ठेव म्हणाले. ठेवतो म्हणालास. तुझ्या छातीत दुखायचं, ते तू पित्त म्हणून सांगितलंस. दादा, एवढ्या माणसांना तू सांगायचास की दुखतंय ते दुखतंय म्हणावं. स्वतःला कधी का नाही सांगितलंस?

तू गेलास त्या गुरुवारी मी वर्गात होते. खालच्या दुकानदाराचा फोन आला. "ताई, सर पडलेत. तुमी सरळ दवाखान्यातच या." मी पोहोचले तोवर सगळं संपलं होतं. तुझ्या शर्टाचं वरचं बटण कोणीतरी काढलेलं होतं. चष्मा नीट घडी घालून खिशात ठेवलेला. दुकानदार म्हणाला, सरांकडं एक माणूस आला होता, तोच ओरडत खाली आला. त्यानंच सरांचं डोकं मांडीवर घेतलं, त्यानंच रिक्षात बसवलं. "मग तो कुठं गेला?" मी विचारलं, तर त्याला माहीत नव्हतं. दवाखान्याच्या दारातूनच निघून गेला म्हणे. थांबला असता तर पोलीस, डॉक्टर, सगळ्यांनी विचारलं असतं, तू तिथं कशाला गेला होतास? त्याला काय सांगता आलं असतं?

त्या माणसाला ठाऊक आहे, तू शेवटी काय म्हणालास. काही म्हणालास की नाही म्हणालास. तुला त्रास झाला का. मला त्याच्या पाया पडायचं आहे. पण मी त्याला शोधायचं नाही. तूच शिकवलंस मला तसं.

इथल्या नाटकवाल्यांनी एका मंगल कार्यालयात शोकसभा घेतली. मला पहिल्या रांगेत बसवलं. तुझ्यासोबत कॉलेजात नाटकं केलेले एक जण बोलले, एक पुढारी बोलले, एका पत्रकारानं तुझ्या सगळ्या भूमिका सांगितल्या. "मुंबई सोडली नसती तर हा माणूस आज कुठच्या कुठं असता," असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला. तुझ्या त्या दोन खोल्यांबद्दल एक वाक्य निघालं, "शेवटी शेवटी ते समाजसेवाही करत होते." समाजसेवा! मी मान वळवली आणि मागे बघितलं.

मागे ती सगळी होती. जिन्यावरची माणसं. भाजीबाजारातली बाई होती, सासूशिवाय आली होती. नखं खाणारा तो मास्तर होता. बायकोला घेऊन येणारा आणि स्वतः बाहेर बसून गुडघे हलवत राहणारा म्हातारा होता. एकमेकांपासून खुर्च्या सोडून बसलेले. त्यांनाही एकमेकांची ओळख द्यायची नव्हती. मी चेहऱ्यावरून चेहऱ्यावर बघत होते, यातला कोण? तुझं डोकं कोणाच्या मांडीवर होतं?

"आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" सूत्रसंचालकानं विचारलं.

मागच्या रांगेतून एक जण उठला. तिशीतला, हडकुळा. सगळ्या माना वळल्या. त्याच्या हातात माईक दिला गेला. त्यानं तो तोंडाजवळ नेला, खाली घेतला, परत नेला. लोक कुजबुजायला लागले.

"मी," तो म्हणाला. "मी सरांचा… फॅन होतो."

आणि माईक परत देऊन खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फुलं वाहायला रांग लागली तेव्हा ते सगळे माझ्यासमोरून गेले. त्यांनी ओळख दिली नाही. मीही दिली नाही. माझे हात मांडीवर तसेच पडून होते. सगळ्या परभणीत तू गेल्यानं खरोखर पोरकी झालेली माणसं माझ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि आम्ही एकमेकांना धरून एकदाही हंबरडा फोडू शकलो नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात खोली रिकामी करायला गेले, तर जिन्याच्या पायरीवर तुझ्याकडे येणारी जिंतूरकडची एक म्हातारी बसलेली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एसटीनं आली होती, पाटी उतरवलेली बघून घाबरली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं. ती कितीतरी वेळ नुसती मान हलवत राहिली.

"सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर आहेत, आजी. मी येते तुमच्यासोबत," मी म्हणाले.

"मला नंबर दिल्ता त्यांनी बी. गेल्ते मी," ती म्हणाली. "गोळ्या चांगल्या देतेत. झोप येती. पण बाई, झोप झाल्यावर मानूस उठतंच की."

तिला मी स्टँडवर सोडलं, गाडीत बसवलं. ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती. तिच्यासाठी मी काहीच करू शकत नव्हते. तू काय करायचास तेही मला माहीत नाही. इतकी वर्षं त्या दाराच्या बाहेर बसले, दादा, आणि आत तू काय करत होतास, मला काही म्हणता काही माहीत नाही.

तुझा फोन मी बंद केला नाही. ज्यांना कळलं नसेल त्यांना निदान माणसानं सांगावं, म्हणून. बहुतेक जण ऐकून फोन ठेवतात. काही तर "राँग नंबर" म्हणतात आणि ठेवतात.

गेल्या रविवारी दुपारी एक आला. पुरुषाचा आवाज, तरुण की वयस्कर कळेना.

"डॉक्टर हायेत का?"

"कोण बोलताय?"

"पयल्यांदाच फोन करायलोय. नंबर लय दिवसापासून ठिवला होता. आज हिंमत केली."

मी सांगितलं. तू नाहीस म्हणून सांगितलं. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता.

"मंग आता?" तो म्हणाला.

मी घाईघाईनं सगळं सांगायला लागले. सरकारी दवाखाना, कोणत्या वारी डॉक्टर असतात, फोनवर बोलता येतं असा फुकटचा सरकारी नंबर, लिहून घ्या म्हणाले. तुमचं नाव सांगा म्हणाले, गाव सांगा, मी स्वतः येते म्हणाले.

"नाव ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुमी कोन त्यांच्या?"

"बहीण."

"सख्ख्या?"

"हो."

"मंग तुमी कुणाशी बोलायलात?"

दादा, इतक्या दिवसांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. काय झालं कळलं नाही. माझा आवाज फुटला आणि मी त्या फोनवर, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाशी, ढसाढसा रडले. तुझं सगळं सांगितलं. रबरी सपाता घालून फिरायचास ते, भजी, स्कूटी, पित्त. तो मधे बोलला नाही. फक्त मी थांबले की म्हणायचा, "रडा. मी हाय." कोंबड्या ओरडत होत्या, ट्रॅक्टर कधीच बंद झाला होता.

मी शांत झाले तेव्हा तो म्हणाला, "बरं, ठिवतो बाई."

"थांबा," मी म्हणाले, "तुमचं सांगा ना. तुम्ही काय बोलायला फोन केला होता?"

त्यानं ठेवला होता.

लगेच परत लावला. बंद. कितीतरी दिवस जपून ठेवलेली हिंमत त्यानं त्या एका फोनवर खर्च केली, आणि बोलून मी घेतलं. तो काय सांगणार होता, त्याचं काय दुखत होतं, घरात त्याला कोण आहे, मला काही ठाऊक नाही. शाळेतून आले की मी तो नंबर लावते. सकाळी पेपर आला की आतलं पान आधी उघडते. अजून तरी त्यात काही नाही.